वाडा, बिऱ्हाडे आणि बदललेला मालक

जुन्या नाशकात एके काळी वाडेच वाडे होते. एकेका वाड्यात आठ-दहा बिऱ्हाडे. दिंडी दरवाजा एक, आड एक, जिना एक, पण प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळे आणि कटकटीही वेगळ्या! वरच्या माडीवर बारसे आणि खाली सुतक, असेही एकाच दिवशी चालायचे. कुणाचे कुणावाचून अडत नसे. मात्र पाणी कुणी किती भरायचे, चौक कुणी कधी वापरायचा, हे ठरवणारा कुणीतरी लागे. तो मालक किंवा मालकाचा दिवाणजी.

मंडळी, आज लिहायचे आहे संगणकावर आणि मी वाड्यात शिरलो. पण इतिहास शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला 'सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन' हे प्रकरण वाड्यावाचून समजेना, त्याला काय करणार? सर्व्हर म्हणजे कचेरीतल्या सगळ्यांनी मिळून वापरायचा मोठा संगणक. त्या एका यंत्राच्या पोटात चार-पाच स्वतंत्र संगणक असल्यासारखे वागवायचे, प्रत्येकाला वाटावे की सगळे यंत्र आपलेच, ही ती युक्ती. आतली वाटणी करणाऱ्या प्रणालीला 'हायपरव्हायझर' म्हणतात. जुन्या संगणकांत मुख्य कारभारी प्रोग्रॅमला 'सुपरव्हायझर' म्हणत, त्याच्याही वरचा तो 'हायपर'. बोर्डाच्या परीक्षेत वर्गावर पर्यवेक्षक आणि पर्यवेक्षकांवर केंद्रसंचालक, तसेच हे.

हे सगळे वाचायचे निमित्त झाला माझा भाचा. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा छोटा कारखाना आहे. मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग तो करून देतो. पस्तीसेक माणसे आहेत. हिशेबाला एक संगणक, हजेरी-पगाराला दुसरा, ड्रॉइंग ठेवायला तिसरा, आणि तिन्ही म्हातारे झालेले. विक्रेत्याने सांगितले, आता एकच चांगला सर्व्हर घ्या आणि त्यात तिन्ही मांडा. कोणत्या हायपरव्हायझरवर मांडायचे याचे तीन पर्यायही लिहून दिले : व्हीएमवेअर, मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आणि प्रॉक्समॉक्स. भाचा म्हणाला, "मामा, तिघांचेही गुण सारखेच लिहिलेत हो. निवडायचे कसे?"

गुण सारखे असले की आपल्याकडे स्थळाचे घराणे बघतात. मीही तेच केले.

ही कल्पना नवी आहे असे मला वाटत होते. ती निघाली साठ वर्षांपूर्वीची! संगणक अतिशय महाग होता तेव्हा तो अनेकांत वाटून घेण्याखेरीज इलाज नव्हता. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा तो एका संस्थेपुरता नव्हता. बाहेरचे संशोधकही आपापली गणिते छिद्रे पाडलेल्या कार्डांवर घेऊन तिथे येत. त्याच १९६४ साली अमेरिकेत आयबीएमच्या केंब्रिज इथल्या केंद्रात सीपी-४० या प्रकल्पावर काम सुरू झाले. एका यंत्रावर अनेक माणसे, आणि प्रत्येकाला स्वतःचे अख्खे यंत्र असल्याचा भास. १९७२ साली आयबीएमने हीच विद्या 'व्हीएम/३७०' या नावाने बाजारात आणली.

आयबीएमचे नाव निघाले की आमच्या पिढीला १९७८ साल आठवते. तोपर्यंत आयबीएम भारतात यंत्रे मुख्यतः भाड्याने देई. बाहेरदेशी जुनी झालेली यंत्रे इथे भाड्याने लावून बक्कळ पैसा मिळवला जातो, अशी टीका तेव्हा होत असे. परकीय चलन नियमन कायदा १९७३ सालचा. त्याप्रमाणे परदेशी कंपन्यांनी इथला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणावा, असा सरकारचा आग्रह होता. जनता सरकारात उद्योग खाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे आले आणि आग्रह आणखी धारदार झाला. कोका-कोलाने गाशा गुंडाळला, आणि १९७८ मध्ये आयबीएमनेही. थंड पेय मिळाले नाही तर माणूस लिंबूसरबत पितो. पण ज्यांचे हिशेब त्या यंत्रांवर होते, त्यांनी काय करायचे?

गंमत अशी की यंत्रे बंद पडली नाहीत. सरकारच्या कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशनने, म्हणजे सीएमसीने, त्यांची देखभाल हाती घेतली. आयबीएममध्ये शिकून तयार झालेली माणसेही इथेच होती. या प्रकरणातून मी दोन गोष्टी टिपून ठेवल्या. एक, मालक कितीही मोठा असो, तो एक दिवस अटी बदलू शकतो किंवा निघून जाऊ शकतो. दुसरी, यंत्र जाणणारा माणूस जवळ असेल तर मालक गेल्यावरही काम चालते.

पुढे संगणक स्वस्त झाले आणि वाड्यांची जागा बंगल्यांनी घेतली. हिशेबाला एक, टपालाला एक, हजेरीला एक. बरेचसे दिवसभर नुसते बसून वीज खात! तेव्हा पुन्हा वाड्याची आठवण झाली. पण एक अडचण होती. कचेऱ्यांतल्या इंटेल जातीच्या संगणकांचा प्रोसेसर अशा वाटणीसाठी घडवलेलाच नव्हता. त्याच्या काही आज्ञा अशा होत्या की पोटातल्या संगणकाने त्या दिल्या तर कारभाऱ्याला पत्ताच लागू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मेंडेल रोझेनब्लम, त्यांच्या पत्नी डायन ग्रीन आणि त्यांचे तीन सहकारी यांनी १९९८ साली व्हीएमवेअर ही कंपनी काढली आणि यावर तोड शोधली. असल्या अडचणीच्या आज्ञा चालता चालताच बदलून द्यायच्या. अवघड काम, पण त्यांनी ते इतके चोख केले की २००१ मध्ये सर्व्हरसाठी आणलेले त्यांचे 'ईएसएक्स' पुढे जगभरच्या कचेऱ्यांत जाऊन बसले.

यशस्वी घराण्याला वारस फार! व्हीएमवेअर २००४ साली ईएमसीच्या मालकीची झाली. २०१६ मध्ये डेलने ईएमसी घेतली, तिच्याबरोबर व्हीएमवेअरही गेली. २०२१ मध्ये ती वेगळी झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने तिला विकत घेतले. त्यापुढच्याच महिन्यात, डिसेंबर २०२३ मध्ये, कायमचा परवाना विकणे बंद झाले. आता वर्गणी भरायची, ठरावीक मुदतीची, आणि मुदत संपली की पुन्हा. हिशेब प्रोसेसरच्या 'कोअर'वर, प्रत्येक प्रोसेसरमागे किमान सोळा कोअरचे पैसे. म्हणजे तुमचे बिऱ्हाड आठ खणांत मावत असले तरी भाडे सोळा खणांचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकट मिळणारी छोटी आवृत्तीही बंद केली गेली. एप्रिल २०२५ मध्ये ती परत आली खरी, पण जे मालकाच्या मर्जीने जाते आणि मर्जीने येते, त्यावर संसार कसा मांडायचा?

यात बेकायदेशीर काही नाही. ज्याचा वाडा, त्याचे भाडे. वस्तूही वाईट नाही, जाणकार आजही तिची तारीफ करतात. फक्त गिऱ्हाईक म्हणून नव्या मालकाला कोण हवे आहे, हे अटींवरून कळते. पस्तीस माणसांचा कारखाना त्यात बसत नाही.

दुसरे घराणे मायक्रोसॉफ्टचे. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनी प्रोसेसरमध्येच या वाटणीची सोय केली. मग हायपरव्हायझर लिहिणे पुष्कळ सोपे झाले आणि २००८ साली मायक्रोसॉफ्टने हायपर-व्ही आणले. ज्या कचेरीत आधीच विंडोज सर्व्हर घेतला आहे, तिथे हे घरचेच. त्याच्या स्टँडर्ड परवान्यात एका यंत्रावर विंडोजचे दोन सर्व्हर मांडता येतात. तिसरा मांडायचा तर परवान्याचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. हायपर-व्ही सर्व्हर नावाची वेगळी फुकट आवृत्ती पूर्वी मिळे, ती २०१९ च्या आवृत्तीनंतर पुढे काढली नाही.

तिसरे घराणे जरा वेगळे. २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्समध्ये 'केव्हीएम' नावाचा भाग सामील झाला. तो लिहिला इस्रायलच्या क्यूमरानेट या छोट्या कंपनीत. पुढच्याच वर्षी ती रेड हॅटने घेतली. ही रेड हॅट, जिचे मोठे केंद्र आपल्या पुण्यात आहे, पुढे स्वतः आयबीएमच्या मालकीची झाली, २०१९ साली. म्हणजे फिरून भोपळे चौकात! पण इथे मालक बदलला तरी भाडेकरू रस्त्यावर आला नाही, कारण केव्हीएम मुक्त परवान्यावर आहे. त्याचा मजकूर कुणीही घ्यावा, वापरावा, सुधारावा. व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्स कंपनीने २००८ साली त्याच केव्हीएमवर आपली प्रणाली बांधली. ती उतरवून घेऊन वापरायला पैसे लागत नाहीत. तपासून दिलेल्या सुधारणा आणि मदत हवी असेल तर वर्गणी. उद्या प्रॉक्समॉक्सच्या मालकांचे मन बदलले तरी आज हातात असलेले कुणी काढून घेऊ शकत नाही.

आणि हे नुसते पुस्तकी नाही. 'झेन' नावाची अशीच एक प्रणाली २००३ साली इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून आली, तिच्यामागची कंपनी २००७ मध्ये सिट्रिक्सने घेतली. दहा वर्षांनी सिट्रिक्सने आपल्या फुकट आवृत्तीतल्या सोयी कापल्या. तेव्हा फ्रान्समधल्या काही लोकांनी तोच मुक्त मजकूर घेऊन 'एक्ससीपी-एनजी' उभे केले आणि २०१८ मध्ये ते लोकांच्या हाती दिले. व्हीएमवेअरच्या गिऱ्हाइकांना मात्र असा दुसरा वाडा बांधता आला नाही. त्यांना सामान उचलून दुसऱ्याच पेठेत जावे लागले.

चौथा पर्याय विक्रेत्याने लिहिलाच नव्हता : सर्व्हर घ्यायचाच नाही, जागा भाड्याने घ्यायची. आपल्या सातपूरलाच ईएसडीएस या नाशिकच्या कंपनीचे डेटा सेंटर आहे. २००५ साली सुरू झालेली ही कंपनी 'एनलाइट' नावाची क्लाउड सेवा देते. वापराल तितके पैसे, वीज-थंडाव्याची काळजी त्यांची. ज्याचे काम कधी फार, कधी थोडे, त्याला हे सोयीचे. भाच्याचे काम बारा महिने सारखे आणि ड्रॉइंगच्या फायली जड. इंटरनेट गेले की यंत्रांपुढची माणसे हात बांधून उभी राहणार. म्हणून सर्व्हर कारखान्यातच हवा असे त्याने ठरवले.

मग काय निवडले? प्रॉक्समॉक्स. पण त्याआधी मी त्याला आयबीएमच्या वेळची दुसरी गोष्ट सांगितली : जाणणारा माणूस कुठे आहे? अंबडमध्ये अडीअडचणीला धावून येणाऱ्याला फक्त विंडोज येत असेल, तर हायपर-व्हीच घे, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. त्याला लिनक्स जाणणारे दोघे मिळाले, एक सातपूरचा, एक सिडकोतला. दोघे म्हणून बरे वाटले. एकच असता तर तोच नवा मालक झाला असता!

वाड्याचा एक धोकाही मी बोलून दाखवला. तीन घरे वेगवेगळी असतात तेव्हा एक पडले तरी दोन उभी राहतात. वाड्याचे आढे मोडले की सगळी बिऱ्हाडे उघड्यावर. आपण नाशिककर ही गोष्ट गोदावरीकडून शिकलो आहोत. दुतोंड्या मारुतीला पाणी लागायला लागले की सराफ बाजारातली मंडळी माल वर हलवायच्या तयारीला लागतात, मारुती बुडायची वाट पाहत नाहीत. २००८, २०१६, २०१९, प्रत्येक पुराने तेच शिकवले. सर्व्हरच्या आतल्या तिन्ही संगणकांची नक्कल रोज रात्री दुसऱ्या यंत्रावर आणि आठवड्याला एकदा कारखान्याबाहेर गेली पाहिजे.

नक्कल नुसती ठेवूनही भागत नाही. पाठांतर झाले म्हणणाऱ्या मुलाला उभे करून म्हणायला लावल्याशिवाय मास्तरला खरे वाटत नाही. म्हणून एका रविवारी त्याने चालू सर्व्हरला हात न लावता, जुन्यातल्याच एका संगणकावर त्या नकलेतून हजेरी-पगाराचा भाग उभा करून पाहिला. पहिल्या खेपेला उठला नाही. नक्कल घेताना एक डिस्क वगळली गेली होती. ती सापडली, सुधारली, दुसऱ्या खेपेला पगारपत्रक पडद्यावर आले. पस्तीस घरांचा महिना त्या पत्रकावर चालतो. ती डिस्क महिनाअखेरीला, सर्व्हर बंद पडल्यावर वगळलेली सापडली असती, तर कोणत्याही घराण्याचे नाव कामाला आले नसते.

आता त्याने एक दोनशे पानी वही केली आहे. कोणता भाग कुठे आहे, नक्कल कुठे जाते, ती परत कशी उभी करायची, कुणाला फोन करायचा आणि उद्या ही प्रणालीच सोडायची झाली तर काय काय उचलायचे, असे सगळे क्रमाने, शुद्ध मराठीत, म्हणजे त्याच्या मते शुद्ध. हिशेब पाहणाऱ्या बाईंनाही ती वाचून काम जमले पाहिजे अशी अट आहे. पहिल्या पाच पानांत ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका निघाल्या. तेवढ्या मी लाल शाईने दुरुस्त करून दिल्या.