आभासी यंत्रांची आवक-जावक

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक वसविण्याची कल्पना वाटते तितकी अर्वाचीन नाही. आय. बी. एम. कंपनीच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील विज्ञानकेंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केलेली सी. पी.-४० ही नियंत्रणप्रणाली जानेवारी १९६७ मध्ये नित्य वापरात आली, तेव्हाच सिस्टिम/३६० मालिकेतील, थोडा फेरफार केलेल्या एका यंत्रावर एकाच वेळी १४ आभासी यंत्रे नांदू शकत होती. आणि त्यांतील प्रत्येकाची अशी समजूत करून दिलेली असे की, स्मृती, घड्याळ आणि भोवतालचा सारा सरंजाम यांवर एकट्या आपलीच मालकी आहे. ही समजूत अभंग राखणे, शेजाऱ्याच्या स्मृतीत कोणास डोकावू न देणे, आणि शेजारी कोसळला तरी बाकीच्यांच्या कामास धक्का लागू न देणे, हेच त्या प्रणालीचे परमकर्तव्य होते. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली अशा यंत्रणेची लक्षणे शास्त्रीय काटेकोरपणाने मांडली, त्यांतही साधनसामग्रीवर नियंत्रकाचा संपूर्ण ताबा असावा ही एक प्रमुख अट होती.

परंतु यंत्रे विभक्त झाली तरी ती चालविणारी माणसे विभक्त नव्हती. एकाच्या यंत्रातील मजकूर दुसऱ्यास हवा असे, आणि भिंत तर अभेद्य. १९७२ साली जाहीर झालेल्या व्ही. एम./३७० या प्रणालीत ह्या अडचणीवर रूढ असलेली तोड मला आजही अत्यंत चतुर वाटते. प्रत्येक आभासी यंत्रास एक आभासी कार्ड-पंच आणि एक आभासी कार्ड-रीडर बहाल केलेला असे. देणाऱ्याने आपल्या पंचाचा माल अमुक खातेदाराच्या नावे रवाना व्हावा असा हुकूम द्यावा, मग ८० रकान्यांच्या, कधीच अस्तित्वात न आलेल्या कार्डांवर तितकीच काल्पनिक भोके पडावीत, आणि तो गठ्ठा घेणाऱ्याच्या रीडरमध्ये त्याची वाट पाहत पडून राहावा, असा तो शिरस्ता होता. घेणाऱ्याने मनास येईल तेव्हा तो वाचावा किंवा न वाचताच टाकून द्यावा. अमेरिकेतील विद्यापीठांना जोडणारे बिटनेट हे जाळे १९८१ साली न्यूयॉर्कचे नगर-विद्यापीठ आणि येल यांच्या दरम्यान सुरू झाले, तेव्हा त्यावरील पत्रेसुद्धा अशाच अदृश्य कार्डांच्या रूपाने प्रवास करीत. ह्या व्यवहारात देणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव घ्यावे लागे आणि घेणाऱ्याने माल उचलावा लागे, म्हणजे दोन्ही बाजूंची रुजुवात होई.

क्लिपबोर्डाचा वंश सर्वस्वी निराळा. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास, जिन अँड कंपनी ह्या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेतील संपादकांसाठी जिप्सी नावाची लेखनप्रणाली रचली. हे संपादक कात्री आणि गोंद घेऊन हस्तलिखिते सांधणारे, तेव्हा मजकूर कापावा आणि अन्यत्र चिकटवावा ही त्यांच्या हाताची सवयच तीत उतरली. पुढे टेस्लर ॲपलमध्ये गेले. १९८३ च्या लिसा ह्या संगणकावर कापलेला मजकूर ठेवण्याची ती जागा क्लिपबोर्ड ह्या नावाने लोकांपुढे आली, आणि वर्षभरात मॅकिन्टॉशने ती घरोघरी पोहोचविली. ही सोय एका संगणकासमोर एकच मनुष्य बसला आहे असे गृहीत धरते. नाव-गाव लिहून घेण्याचे तिला कारणच नव्हते.

ह्या दोन परंपरांची गाठ पडली ती शतकाच्या अखेरीस. स्टॅनफर्डमधील संशोधनातून १९९८ साली निघालेल्या व्हीएमवेअर कंपनीने दुसऱ्याच वर्षी सामान्य मेजावरच्या संगणकावर आभासी यंत्र चालवून दाखविले, आणि लिनक्सच्या खिडकीत विंडोज पाहणाऱ्या मनुष्याने स्वाभाविकपणे तिकडे नक्कल केलेले वाक्य इकडे चिकटविण्याचा यत्न केला. ते उमटले नाही, आणि उमटणार तरी कसे? यजमान यंत्राचा क्लिपबोर्ड निराळा, पाहुण्या यंत्राचा निराळा, आणि एकास दुसऱ्याच्या अस्तित्वाची वार्ताही नाही. येथे कार्डांची युक्ती कामाची नव्हती. कारण ज्यास दोन यंत्रे म्हणावयाची, ती ह्या मनुष्याच्या लेखी एकच मेज होते.

मग भिंतीस एक चोरदरवाजा ठेवण्यात आला. सोळा-आधारी गणनेत ५६५८ असा लिहिला जाणारा एक द्वारक्रमांक मुक्रर करून, पाहुण्या यंत्रातील आज्ञावलीने एक ठरावीक सांकेतिक अंक उच्चारीत त्या द्वाराकडे वाचनाची विनंती करावी, असा संकेत ठरला. खऱ्या संगणकावर सामान्य आज्ञावलीने असे धाडस केले तर प्रक्रियक तिला तत्काळ अडवितो. येथे मात्र नियंत्रक ती हाक ऐकून उत्तर देई. प्रथम मजकुराची लांबी विचारावयाची, मग एका खेपेस चार बाइट ह्या मापाने तो उचलावयाचा. (आजच्या यूटीएफ-८ संकेतात देवनागरीच्या एका चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणजे आपल्या एका साध्या अभंगासाठीही अशा माध्यमास किती खेपा घालाव्या लागतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.) ह्याच द्वारावर टकटक करून आपण खऱ्या यंत्रात आहोत की कोणा निरीक्षकाच्या आभासी कोठडीत, हे दुष्ट आज्ञावलीही ताडू लागल्या. वाट बांधली गेली की तिच्यावरून कोण चालेल, हे बांधणाराच्या हाती उरत नाही.

दरवाजा असून भागले नाही. त्याशी बोलणारा कोणी पाहुण्याच्या घरात कायम राहावा लागला. व्हीएमवेअरचे टूल्स, व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट ॲडिशन्स, स्पाइस प्रणालीचा व्हीडीएजंट हे सारे त्याच पदावरचे. हैदराबादेस निजामाच्या दरबारी राहून पुण्यास अखबार धाडणाऱ्या गोविंदराव काळ्यांसारखा हा वकील असतो: राहतो परक्याच्या घरी, इमान मात्र दुसरीकडे. त्याचे कामही बाहेरून दिसते त्याहून नाजूक आहे. युनिक्स घराण्यातील एक्स ह्या खिडकीप्रणालीत क्लिपबोर्डावर मजकूर मुळी ठेवलेलाच नसतो. ज्याने नक्कल केली तो केवळ मालकी जाहीर करतो, आणि कोणी मागितल्यावरच माल देतो. तेव्हा यजमानाकडे काही नक्कल झाले की ह्या वकिलाने पाहुण्याच्या घरात ती मालकी आपल्या नावे खोटीच सांगावी, मागणी आली म्हणजे पलीकडे विचारावे, आणि दोन्ही राज्यांतील ओळ संपविण्याच्या चिन्हांचा भेद मिटवून माल हवाली करावा. क्वचित हा कारभार अकारण थबकतो, तो ह्याच गुंतागुंतीमुळे.

व्हर्च्युअलबॉक्सने ह्या व्यवहारास चार पर्याय ठेवले: बंद, यजमानाकडून पाहुण्याकडे, पाहुण्याकडून यजमानाकडे, आणि दुतर्फा. दुतर्फा हा पर्याय सर्वांत सुखावह आणि माझ्या मते सर्वांत बेफिकीर आहे. कारण तेथे केवळ नक्कल केली एवढ्यानेच मजकूर सरहद्द ओलांडतो, मग तो परवलीचा शब्द का असेना. कार्डांच्या जमान्यातील रुजुवात येथे लोप पावली. मोठ्या संस्थांसाठीच्या व्हीस्फिअर प्रणालीत २०१० पासून, ४.१ ह्या आवृत्तीपासून, ही सोय मुळातच बंद ठेवली जाऊ लागली, ते ह्याच भयाने. २०१९ साली चेक पॉइंट ह्या सुरक्षासंस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले की, मायक्रोसॉफ्टच्या दूरस्थ-मेज प्रणालीत पलीकडच्या यंत्राने क्लिपबोर्डावरील फायलींच्या नावांत लबाडी केली तर, चिकटविणाऱ्याच्या नकळत त्याच्या संगणकावर भलत्याच जागी भलत्याच फायली उतरविता येत. आणि हायपर-व्हीची आभासी यंत्रेही तीच वाट वापरीत असल्याने पाहुण्याला यजमानाच्या घरात शिरण्याचा रस्ता मोकळा झाला होता. जुलै महिन्यात त्यावर दुरुस्ती निघाली.

जुन्या रुजुवातीकडे परतण्याचा एक गंभीर प्रयत्न मात्र झाला आहे. वॉर्सा येथील योआन्ना रुत्कोव्स्का यांनी २०१० साली जाहीर केलेल्या क्यूब्स ह्या प्रणालीत मनुष्याचे एकेक काम एकेका आभासी यंत्रात बंदिस्त असते, आणि एका यंत्रातील मजकूर दुसऱ्यात न्यावयाचा तर नेहमीच्या नकलेखेरीज आणखी एक कळसंयोग दाबून तो सामाईक जागेत ठेवावा लागतो, इच्छित यंत्राच्या खिडकीत जाऊन तिसऱ्याने उतरवून घ्यावा लागतो, आणि मगच चौथ्याने चिकटविता येतो. माल उचलला गेला की सामाईक जागा रिकामी केली जाते. हा खटाटोप कित्येकांना जाचक वाटतो. परंतु कळ दाबणारा मनुष्य दोन्ही बाजूंस स्वतः हजर राहतो, आणि कोणतेही पाहुणे यंत्र न बोलावता दुसऱ्याचे बाड चाळू शकत नाही. साऱ्या यंत्रांवर हुकमत चालविणाऱ्या मुख्य यंत्राकडे मजकूर आणण्याची वाट तर तेथे मुद्दामच खडतर ठेवलेली आहे.