'हालेलुया' म्हणून चिडवणाऱ्या पोरांसाठी, आणि त्यांच्या बापांसाठी

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा, पण वाचायला घेतली तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ माझ्याकडं आले. नाशिक जिल्ह्यातलंच गाव, नाव सांगत नाही. म्हणाले, "बातमी लावू नका, फक्त ऐकून घ्या." त्यांचा मुलगा आठवीत. घर ख्रिस्ती, तिसऱ्या पिढीपासून. वर्गातली पोरं त्याला नावानं हाकच मारत नाहीत. 'हालेलुया' म्हणतात. डबा उघडला की "पाव आणला का रे?" मधल्या सुट्टीत "तुझ्या आज्याला किती पैसे मिळाले?" एकानं तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा फोटो टाकून क्रूसावर चढवला. खाली हसण्याचे चाळीस इमोजी.

बाप म्हणाला, "साहेब, पोरगं मला विचारतं, पप्पा, आपण दुसरा गाल पुढं करायचा ना? मग किती वेळा करायचा? काय सांगू त्याला?"

मला लगेच बोलता आलं नाही, कारण शाळेत असताना मीही हेच केलंय. आमच्या वर्गात एक ख्रिस्ती पोरगा होता. त्याला आम्ही 'पाववाला' म्हणायचो. नाताळात तो सगळ्यांसाठी करंज्या आणायचा. आम्ही करंज्या खायचो आणि पाववालाच म्हणायचो. तो हसायचा. तेव्हा वाटायचं, याला चालतं. आज कळतं की त्याच्याकडं दुसरा इलाजच नव्हता.

त्या बापाला मी एक गोष्ट सांगितली. ती आपल्या नाशिकचीच आहे, म्हणून इथंही सांगतो.

नाशिकजवळ गोदाकाठी जलालपूर नावाचं गाव आहे. १८६८ साली तिथं गोखल्यांच्या घरी मुलगी झाली, माहेरचं नाव मनकर्णिका. घरात वडिलांचं सोवळं इतकं कडक की आल्यागेल्या प्रत्येक वस्तूची धुलाई व्हायची. पोर अकरा-बारा वर्षांची होते न होते तोच तिचं लग्न लागलं, नारायण वामन टिळकांशी. टिळकांचं शिक्षण नाशिकातच, गणेशशास्त्री लेल्यांकडं झालेलं. संस्कृत उत्तम, कविता अंगात भिनलेली, स्वभाव मात्र वाऱ्यासारखा.

१८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं निघाले होते. डब्यात एक गोरा पाद्री भेटला. गप्पा झाल्या, त्यानं बायबलातला नवा करार हातात ठेवला. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळात याचा अर्थ काय होता, हे आज समजायला जड जातं. 'बाटगा' हा शब्द शिवी म्हणून नाही, ओळख म्हणून वापरला जायचा. ज्यानं धर्म सोडला त्याच्यापेक्षा मागं राहिलेल्या बायकोचे हाल जास्त. नवरा जिवंत, पण घर मोडलेलं. लोकांच्या नजरा, कुजबुज, कीव. कीव तर टोमण्यापेक्षा वाईट. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपुरात बहिणीच्या आसऱ्याला राहिल्या. शरीर आणि मन दोन्ही खचलं. त्या काळाला कुणी 'सहनशीलतेचा आदर्श' वगैरे म्हणायला लागलं तर मला राग येतो. ती यातना होती.

पुढं त्या नगरला नवऱ्याकडं आल्या, पण सोवळं सोडलं नाही. आपली चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग एक दिवस विचार करता करता त्यांचं त्यांनाच पटलं की जातिभेद देवानं केलेला नाही, माणसानं केलाय. त्यानंतर त्या कुणाच्याही हातचं खाऊ लागल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे 'पाव खाऊन बाटली' ही जी आपली लाडकी थट्टा आहे, ती या बाईला लागूच होत नाही. तिला कुणी पाव चारला नव्हता. पाच वर्षं तिनं स्वतःशी भांडण केलं होतं.

आता मुद्दा असा, की या जोडप्यानं टवाळीला उत्तर काय दिलं?

टिळकांनी शिव्यांना शिव्या दिल्या नाहीत. पण ते गप्पही बसले नाहीत आणि पळूनही गेले नाहीत. ख्रिस्ती झालो म्हणून मराठी सोडायची, अभंग सोडायचा, कीर्तन सोडायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी येशूवर अभंग लिहिले. देवळात घुमणारी चाल चर्चमध्ये नेली. मराठी चर्चमध्ये आजही त्यांचीच गाणी म्हटली जातात. 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती पत्राच्या मराठी विभागाचं संपादन केलं. इकडं आपले लोक 'साहेबाचा झाला' म्हणून हिणवत होते, आणि तिकडं साहेबाच्या वर्चस्वाशीही त्यांचं पटत नव्हतं. शेवटी १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, दार सगळ्यांना उघडं. दोन्हीकडून बोलणी खाणाऱ्या माणसानं दोन्हीकडच्यांना आत बोलावलं.

आणि ते घर बघा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात एका सतरा वर्षांच्या पोरानं सगळ्यांना थक्क केलं. त्र्यंबक बापूजी ठोमरे, आपले बालकवी. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. बाटग्याच्या घरात ब्राह्मणाचा पोरगा! आता हा बाटणार, असं बोलणाऱ्यांची कमी नव्हती. बालकवी त्या घरात राहिले, लक्ष्मीबाईंच्या हातचं जेवले, कविता लिहिल्या आणि हिंदूच राहिले. या घरावर शंका घेणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर कुठलं असणार?

१९१९ मध्ये टिळक गेले. लक्ष्मीबाईंना धड शाळा कधी मिळालेली नव्हती. अक्षरओळख नवऱ्याकडून. पण टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढं नेलं, आणि 'स्मृतिचित्रे' लिहिलं. १९३४ पासून ते भागाभागानं छापून आलं. मराठीतलं सर्वोत्तम आत्मचरित्र कुठलं, असं विचारलं तर आजही पहिलं नाव तेच निघतं. ज्यांनी छळलं त्यांचा हिशेब ते पुस्तक चुकता करत नाही. बाई हसतात, आणि सगळ्यात जास्त स्वतःला हसतात. वडिलांच्या सोवळ्याला, नवऱ्याच्या लहरीला, आपल्या वेंधळेपणाला. पण वाचून झाल्यावर कोण चुकलं होतं हे कळायचं राहत नाही. १९३३ मध्ये नागपूरच्या कविसंमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी इथंच, नाशिकात, त्यांनी डोळे मिटले.

हा फार जुना काळ झाला, आता तसं नाही, असं म्हणणाऱ्यांना एकच आठवण देतो. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा केवळ ते धर्मगुरू म्हणून विरोध झाला. धमकीचे फोन आल्याच्या बातम्या आल्या. आयुष्यभर मराठीत लिहिलेला, वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावर उतरलेला माणूस. जानेवारी २०२० मध्ये पाठीच्या दुखण्यानं बेजार असताना ते उस्मानाबादला आले आणि मराठीत भाषण करून गेले. उत्तराची पद्धत टिळकांचीच होती. जागा सोडायची नाही, भाषा सोडायची नाही, तोंड खराब करायचं नाही.

दुसरा गाल पुढं करणं म्हणजे मला तरी हेच समजलं. मार खात राहणं नव्हे. मारणाऱ्यासारखं व्हायला नकार देणं, आणि तिथंच उभं राहणं.

पण थांबा. हे सगळं आठवीतल्या पोराला सांगून आपण मोकळे झालो, असं होत नाही. टिळक मोठे कवी होते. लक्ष्मीबाई लक्ष्मीबाई होत्या. प्रत्येक चिडवलेल्या पोरानं 'स्मृतिचित्रे' लिहून आपली लायकी सिद्ध करावी, ही अपेक्षा म्हणजे दुसरा छळ. आणि जी पोरं मनातल्या मनात मोडली, त्यांची पुस्तकं निघाली नाहीत म्हणून ती आपल्याला माहीत नाहीत, एवढंच.

म्हणून त्या बापाला म्हणलं, दुसरा गाल पुढं करायचा की नाही, हे तुमच्या पोरानं ठरवावं. पण पहिल्या गालावर उठलेला हात धरणं हे काम त्याचं नाही. ते आमचं आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शाळेत गेलो. मुख्याध्यापक आधी म्हणाले, "पोरंच ती, चालायचंच." मग मी त्यांना माझ्या वर्गातल्या पाववाल्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर वर्गशिक्षकांना बोलावलं. तो फोटो ग्रुपवरून गेला. बाकी काय होतंय ते बघू, मी लक्ष ठेवून आहे.

आणि पाववाला, तू हे वाचत असशील तर, तुझं नाव मला पक्कं आठवतंय. तेव्हा मारली नाही त्या नावानं हाक, तेवढी चूक झाली. यंदाच्या नाताळात करंज्या मी घेऊन येतो.