बडोद्याला काय आठवते?

बडोद्यात 'महाराज' म्हटले की एकच चेहरा डोळ्यांसमोर येतो, तो सयाजीराव गायकवाडांचा. पण शहराची आठवण एका माणसापाशी येऊन थांबली ती दोनशे वर्षांची वाट चालून, म्हणून आपण थोडे मागे जाऊ. याच घराण्यातले पिलाजीराव गायकवाड १७३२ मध्ये डाकोरला दग्याने मारले गेले आणि १७३४ मध्ये त्यांचे पुत्र दमाजीराव यांनी बडोदे पुन्हा हाती घेतले. त्या काळी इतिहास राहत होता दफ्तरात, मोडीतल्या सनदांत आणि जमाखर्चात. कोणते गाव कोणाला, कोणत्या कामगिरीबद्दल, हे सिद्ध करायचे तर कागद लागे. आठवण म्हणजे हक्काचा पुरावा होता.

एकोणिसाव्या शतकात ही आठवण दफ्तरातून निघून भिंतीवर चढली. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा हा गायकवाडांचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा. या लाकडी वाड्याच्या वरच्या मजल्यांवर गेलो की आपल्याला कृष्णलीला दिसते, महाभारतातले प्रसंग दिसतात, आणि त्यांच्याच शेजारी मराठे-इंग्रजांची लढाईही रंगवलेली आढळते. देवांच्या पंक्तीला कालपरवाचे युद्ध बसवणारी ही स्मृती दरबारी फर्मानाची नव्हती, एका घरातली होती.

मग १८७५ साल आले. ब्रिटिश रेसिडेंट फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून तेव्हाचे राजे मल्हारराव महाराज यांची चौकशी झाली. सहा सदस्यांच्या आयोगात तीन इंग्रज एकीकडे आणि तीन हिंदी सदस्य दुसरीकडे, असा मतभेद झाला, तरीही महाराजांना गादीवरून काढून मद्रासला पाठवण्यात आले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव हा मुलगा त्याच वर्षी दत्तक येऊन सयाजीराव झाला. शहराच्या स्मृतीला खरे वळण लागले ते इथे.

गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये बडोद्याच्या नोकरीत आले. राजपुत्रांना इतिहास शिकवायचा तर हाताशी मराठी ग्रंथ हवा, या निकडीतून त्यांच्या टिपणांची 'रियासत' झाली. याच सुमारास, १८९० मध्ये, फिलिपाईन्सचा होसे रिझाल पॅरिसमध्ये एका स्पॅनिश अधिकाऱ्याचा १६०९ सालचा ग्रंथ टिपांसह पुन्हा छापत होता. परक्यांनी लिहिलेल्या इतिहासातून त्याला आपल्या लोकांचा भूतकाळ सोडवून घ्यायचा होता. एकाला त्याचे राज्यकर्ते शत्रू मानत होते, दुसऱ्याला राजाश्रय होता. गरज मात्र एकच होती: आपला इतिहास आपल्या हाताने लिहिण्याची. पुढे १९३४ पासून संस्थानच्या दफ्तरातले निवडक कागदही ग्रंथरूपाने छापले जाऊ लागले. हक्काचा पुरावा आता अभ्यासाचे साधन झाला.

शेवटचा टप्पा दगडाचा. सयाजीरावांनी पूर्वजांच्या स्मरणार्थ कीर्तिमंदिर उभारले आणि १९३६ मध्ये ते पूर्ण झाले. आत नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीरा, नटीर पूजा आणि अभिमन्यूचे युद्ध. गायकवाडांच्या स्मारकातल्या या चारही भिंतींवर गायकवाडांची एकही लढाई नाही. एका घराण्याची आठवण साऱ्या देशाच्या आठवणीत विलीन व्हावी, असा अर्थ मी त्यातून घेतो, आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा तो अर्थ खरा ठरला.

सयाजीरावांचे स्मरण बडोद्याने मनापासून जपले, ते योग्यच आहे. पण ज्या उजेडात केवळ सयाजीराव दिसतात, त्यात मल्हारराव आणि तांबेकर वाडा अंधारात राहतात. पदच्युत राजाची चौकशी हाही याच शहराचा इतिहास आहे आणि दिवाणाच्या घरातले चित्रही. म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे: बडोद्याला गेलात तर कीर्तिमंदिर जरूर पाहा, पण परतण्याआधी रावपुऱ्यात जाऊन तांबेकर वाड्याचा जिनाही चढा.