इन्फ्लुएन्झा आणि रक्तांतील ओहोटी

मी कात्रजला राहतों. इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं येथील तलावाचें पाणी बांधीव नळानें शनिवारवाड्यापर्यंत व शहरांतील हौदांपर्यंत नेलें, हें आपणांस ठाऊकच आहे. त्या हौदांची आठवण मला २०२० सालीं, करोनाच्या साथींत अंथरुणावर पडलों असतां झाली. माझ्या रक्तांत लिम्फोसाइट नांवाच्या पांढऱ्या पेशी दर घन मिलिमीटरांत अवघ्या ६०० निघाल्या. निरोगी प्रौढाच्या रक्तांत त्या साधारणतः १,००० ते ४,००० असतात. शत्रु घरांत शिरला असतां शिपाई वाढावेत, ते कमी कां व्हावेत?

हा प्रश्न जुना आहे. जून १९१८ मध्यें मुंबईंत इन्फ्लुएन्झाची साथ आली, आणि सप्टेंबरांत तिची दुसरी, अधिक भयंकर लाट उसळली. ६ ऑक्टोबर रोजीं एकट्या मुंबईंत ७६८ माणसें दगावलीं. हिंदुस्थानांत एकंदर एक कोटीहून अधिक माणसें मेलीं असें अभ्यासक मानतात. रोगाचें मूळ तेव्हां कोणासच ठाऊक नव्हतें. माणसांतील इन्फ्लुएन्झाचा विषाणू लंडनमध्यें वेगळा काढला गेला तो १९३३ सालीं. तरीही सूक्ष्मदर्शकाखालीं रक्त पाहणाऱ्या डॉक्टरांनीं एक गोष्ट नोंदून ठेविली होती: या तापांत पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजीं पुष्कळदां घटतात.

कारण कळावयास पुढें कित्येक दशकें लागलीं. हौदांतील पाणी उतरलें म्हणजे आपण तीन शंका घेतों: पाणी दुसरीकडे वळलें, पाझरून गेलें, कीं मूळ झराच मंदावला? शरीरांत या तिन्ही गोष्टी घडूं शकतात. पुष्कळ पेशी रक्त सोडून फुप्फुसांत व लसीका-ग्रंथींत जमतात. तो नाश नव्हे, तें लढाईच्या जागीं केलेलें कूच होय. दाहाचा भडका उडाला म्हणजे कित्येक पेशी विषाणूचा प्रत्यक्ष स्पर्श न होतांही मरतात. अस्थिमज्जेंतील नव्या निर्मितीवरही ताण पडतो.

अशा विस्कळीत झालेल्या रखवालीचें मोल १९१८ सालीं फार द्यावें लागलें. अमेरिकेंत जपून ठेवलेल्या, ५८ मृतांच्या फुप्फुसांच्या नमुन्यांची तपासणी २००८ सालीं प्रसिद्ध झाली. तीवरून व त्या काळच्या नोंदींवरून दिसून आलें कीं, बहुतेक रोगी विषाणूमागोमाग शिरलेल्या जंतूंच्या न्यूमोनियानें गेले. विषाणूनें श्वासमार्गाचें अस्तर खरवडून वाट मोकळी केली होती, आणि पेनिसिलिनचा शोध लागावयास अद्याप दहा वर्षें होतीं.

आमची पिढी अधिक भाग्यवान. आपल्या पुण्यांतील, १९५२ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें मार्च २०२० मध्येंच करोनाचा विषाणू वेगळा काढला. मात्र शरीराची रीत बदललेली नाहीं. माझा ताप आठवड्यांत उतरला, आणि मी फिरावयास जाण्यासाठीं काठी उचलली. पत्नीनें ती काढून घेतली. तीन आठवड्यांनीं पेशींचा आंकडा १,४०० झाला, तेव्हां ती परत मिळाली.

ताप उतरला म्हणजे दुखणें सरलें असें नव्हे. उतरलेला ताप पुन्हा चढला किंवा धाप लागूं लागली, तर डॉक्टरांकडे जाण्यास एक दिवसही लावूं नये. १९१८ च्या कित्येक घरांना दुसऱ्या शत्रूची चाहूल लागली नाहीं. आपल्याला ती लागूं शकते. हौद भरावयास थोडे दिवस लागतात. तेवढे दिवस घरांत काढावे, हेंच शहाणपण.