कळसूबाई शिखर : एका दिवसाच्या चढाईचे नियोजन

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर म्हणून कळसूबाई परिचित आहे. सह्याद्रीतील या शिखराची उंची १६४६ मीटर, म्हणजेच ५४०० फूट आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील बारी या पायथ्याच्या गावातून सकाळी निघून त्याच दिवशी परत येता येते. तीव्र चढाच्या ठिकाणी लोखंडी शिड्या आहेत आणि वाट मळलेली आहे. त्यामुळे ही चढाई सोपी असल्याचा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात बारीपासून शिखरापर्यंत साडेआठशे ते नऊशे मीटरची चढण आहे आणि तेवढेच अंतर त्याच दिवशी उतरायचे असते. त्यामुळे या चढाईचे नियोजन शिखरावर पोहोचण्याच्या वेळेवरून न करता, गावात परतण्याच्या वेळेवरून करणे आवश्यक ठरते.

सपाट प्रदेशातील पूर्वतयारी

डोंगराळ भागापासून दूर राहणाऱ्यांसाठी ही तयारी अधिक महत्त्वाची आहे. छत्तीसगडमधील दुर्ग-भिलाई परिसरात अनेक मराठी कुटुंबे स्थायिक आहेत. भिलाईतील कुरुदसारखी वस्ती समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर, सपाट मैदानात वसलेली आहे. तेथे दररोज पाच किलोमीटर चालणाऱ्या व्यक्तीलाही सलग चढाचा सराव नसतो.

अशा व्यक्तींनी किमान सहा ते आठ आठवडे आधी जिने चढण्या-उतरण्यास प्रारंभ करावा. उतरण्याचा सराव विशेष गरजेचा आहे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. ते लवकर थकतात आणि गुडघे डळमळू लागतात. भिलाईकरांना सरावासाठी डोंगरगड जवळ आहे. बम्लेश्वरी देवीच्या वरच्या मंदिरापर्यंत एक हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. पाठीवर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी घेऊन या पायऱ्या न थांबता चढून उतरता आल्या, तर कळसूबाईसाठी चांगला पाया तयार झाला असे मानता येते. जाताना रज्जुमार्गाचा मोह टाळावा आणि येतानाही.

हृदयविकार, उच्च रक्तदाब, दमा किंवा गुडघ्याचे विकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ही चढाई करू नये.

प्रवास आणि मुक्काम

हावडा-नागपूर-मुंबई रेल्वेमार्गावर दुर्ग, डोंगरगड आणि इगतपुरी ही तिन्ही स्थानके आहेत. दुर्ग ते इगतपुरी हे अंतर सुमारे साडेनऊशे किलोमीटर आहे. इगतपुरीहून घोटीमार्गे भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारी गाव लागते.

रात्रभर प्रवास करून आल्यावर त्याच दिवशी चढाई करणे योग्य नव्हे. आदल्या रात्री बारी किंवा भंडारदरा परिसरात मुक्काम करून पुरेशी झोप घ्यावी. परतीच्या गाडीचे आरक्षणही चढाईच्या दिवशीचे नसावे. गाडी चुकण्याच्या भीतीने घाईघाईने उतरणे धोक्याचे असते. एका दिवसाच्या चढाईसाठी दूरच्या प्रवाशांनी चार दिवस राखून ठेवणे श्रेयस्कर आहे.

वेळेचे गणित

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला आडाखा आजही वापरला जातो. त्यानुसार सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास आणि त्याशिवाय दर ६०० मीटर चढणीला आणखी एक तास धरला जातो. कळसूबाईच्या केवळ उंचीसाठी यात दीड तासाची भर पडते. हा हिशेब विश्रांतीविना चालणाऱ्या सशक्त व्यक्तीचा आहे. विश्रांती, शिड्यांवरील गर्दी आणि गटातील सर्वांत सावकाश चालणारी व्यक्ती लक्षात घेता चढण्यास चार आणि उतरण्यास तीन तास धरावेत.

डिसेंबरमध्ये या भागात सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. दोन तास राखीव ठेवल्यास दुपारी चारपर्यंत गावात पोहोचायला हवे. उतरण्याचे तीन तास वजा केले, तर दुपारी एकनंतर शिखरावर थांबता येत नाही. म्हणून बारा वाजता, जेथे असू तेथून परत फिरण्याचा निर्णय आदल्या रात्रीच घ्यावा आणि तो गटातील प्रत्येकाला माहीत असावा. शिखर समोर दिसत असताना असा निर्णय घेणे कठीण जाते.

भिलाई आणि कळसूबाई यांच्या रेखांशात सुमारे साडेसात अंशांचे अंतर आहे. परिणामी येथे सूर्य भिलाईच्या तुलनेत सुमारे अर्धा तास उशिरा उगवतो व उशिरा मावळतो. हिवाळ्यात पहाटे सहाला निघाल्यास वाटेवर अंधार असतो. प्रत्येकाजवळ विजेरी असणे अनिवार्य आहे.

ऋतू आणि हवामान

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चढाईसाठी सर्वाधिक अनुकूल आहे. उंचीनुसार दर एक हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे शिखरावर पायथ्यापेक्षा सुमारे सहा अंश कमी तापमान असते आणि वाऱ्यामुळे गारठा अधिक जाणवतो.

पावसाळ्यात हिरवाई मोहक असली, तरी कातळ निसरडे होतात, शिड्या ओल्या असतात आणि धुक्यामुळे काही पावलांपलीकडचे दिसत नाही. शनिवार-रविवारी शिड्यांवर रांगा लागतात. एप्रिल, मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर विजांसह वादळी पावसाची शक्यता असते. वीज दिसल्यानंतर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आल्यास ती सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजावे. अशा वेळी शिखर आणि लोखंडी शिड्यांपासून तातडीने दूर जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे तेथे परतू नये. हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा आदल्या दिवशी आणि सकाळी पाहावा. विजेच्या पूर्वसूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेले 'दामिनी' हे मोबाइल ॲप उपयुक्त आहे.

सोबत काय असावे

प्रत्येक व्यक्तीसाठी तीन लिटर पाणी, जलसंजीवनीची पाकिटे, भाकरी, गूळ-शेंगदाणे, खजूर असा टिकाऊ आहार, प्रथमोपचाराचे साहित्य, शिट्टी, वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट आणि पकड असलेले, आधी वापरून सरावाचे झालेले बूट आवश्यक आहेत. शिखराखाली विहीर आहे आणि गर्दीच्या दिवशी वाटेवर सरबत-चहाही मिळतो. मात्र त्यांवर विसंबून राहू नये. शिड्यांवर दोन्ही हात मोकळे असावेत.

निघण्यापूर्वी गटातील व्यक्तींची नावे, वाट आणि परतीची अपेक्षित वेळ घरी तसेच मुक्कामाच्या ठिकाणी लिहून द्यावी. आणीबाणीत ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक उपलब्ध आहेत. डोंगरावर मोबाइलचा संपर्क सर्वत्र मिळेलच असे नाही. स्थानिक वाटाड्या सोबत घेतल्यास वेळ वाचतो आणि गावालाही रोजगार मिळतो.

श्रद्धास्थान आणि अभयारण्य

शिखरावर कळसूबाईचे लहान मंदिर आहे. लोककथेनुसार कळसू ही घरकाम करणारी कोळी समाजातील मुलगी होती. ठरल्याबाहेरचे काम करावे लागल्याने ती डोंगरावर निघून गेली आणि तेथेच राहिली. नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते. हा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात मोडतो. प्लास्टिकसह सर्व कचरा परत आणणे अपेक्षित आहे.

हवा स्वच्छ असल्यास माथ्यावरून भंडारदऱ्याचा जलाशय, अलंग, मदन व कुलंग हे दुर्गत्रिकूट, रतनगड आणि हरिश्चंद्रगड दिसतात. ठरलेल्या वेळेला परत फिरावे लागले, तर हे दृश्य पुढील खेपेसाठी राहते. गटातील सर्व जण दिवसाउजेडी बारीत परतले, तर ती चढाई यशस्वी झाली असेच समजावे.