एकाच रस्त्यावरचा संवाद

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर कोलंबिया विद्यापीठ, प्रोटेस्टंट पाद्री घडवणारी युनियन सेमिनरी आणि राब्बी घडवणारी ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरी जवळजवळ आहेत. चालत दहा मिनिटंही लागत नाहीत. पॅलेस्टाइनचा विषय निघाला की हे अंतर किती वाढतं, याचा इतिहास १९६७ पासून सुरू होतो.

त्याआधीचा काळ मैत्रीचा होता. ज्यूइश सेमिनरीतले अब्राहम जोशुआ हेशेल १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत सेल्माच्या मोर्चात चालले आणि त्याच वर्षी युनियनमध्ये पाहुणे प्राध्यापक झाले. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर ठेवता येणार नाही, असं व्हॅटिकननेही तेव्हाच जाहीर केलं. हा आरोप मागे घेतला गेला तो हिटलरनंतर वीस वर्षांनी. त्यामुळे या संवादाचं मोल ज्यूंना पुरेपूर ठाऊक होतं.

जून १९६७ मध्ये सहा दिवसांचं युद्ध झालं. युनियनचे माजी अध्यक्ष हेन्री व्हॅन ड्यूसन यांनी न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून इस्राएलच्या हल्ल्याची तुलना हिटलरच्या आक्रमणाशी केली. ज्यूंच्या जिव्हारी लागेल अशीच ती उपमा होती. युनियनचेच रायनहोल्ड नीबूर मात्र इस्राएलच्या पाठीशी होते. या सगळ्या वादात पॅलेस्टिनी माणूस कुठेच नव्हता. वास्तविक जेरुसलेममध्ये ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले एडवर्ड सैद १९६३ पासून कोलंबियात साहित्य शिकवत होते. या युद्धानंतर ते पॅलेस्टाइनवर लिहू लागले.

ख्रिस्त्यांनी ज्यूद्वेषाचं प्रायश्चित्त घ्यायचं आणि इस्राएलवर टीका टाळायची, या अलिखित कराराला ज्यू धर्मचिंतक मार्क एलिस यांनी पुढे ‘सौदा’ म्हटलं. त्याची किंमत तिसराच मोजत होता.

१७ एप्रिल २०२४ ला कोलंबियात विद्यार्थ्यांनी तंबू ठोकले. तिथेच ज्यू आंदोलकांनी पासओव्हरचं सेडर भोजन केलं. त्याच आवारात इतर ज्यू विद्यार्थ्यांना असुरक्षित वाटत होतं. ३० एप्रिलला हॅमिल्टन हॉल ताब्यात घेऊन त्याला गाझात मारल्या गेलेल्या लहानग्या हिंद रजबचं नाव दिलं गेलं. त्याच रात्री पोलीस शिरले. १९६८ मध्येही पोलिसांनी ही इमारत ३० एप्रिललाच रिकामी केली होती. मे महिन्यात युनियनच्या विश्वस्तांनी गाझातल्या युद्धातून नफा कमावणाऱ्या कंपन्यांतली गुंतवणूक काढून घ्यायचं ठरवलं.

विद्यार्थ्यांमुळे संवाद मोडला, असं म्हणणं सोपं आहे. पण जो संवाद एक प्रश्न दाराबाहेर ठेवूनच टिकला, त्याचं दार कधीतरी वाजणारच होतं. ज्यूंची भीती खरी आहे आणि हिंदचा मृत्यूही खरा आहे. दोन्ही एकाच टेबलावर ठेवता येतील, अशी बैठक त्या रस्त्यावर अजून व्हायची आहे.