दोन सुधा

चेन्नईत भाड्याने घर शोधणाऱ्याला पहिला प्रश्न भाड्याचा विचारत नाहीत. तो असतो : ‘फॅमिली की बॅचलर?’ मालकाच्या आधी ब्रोकरच विचारतो, म्हणजे जिने चढायचे वाचतात. तमिळमध्ये भाडेकरूला ‘कुडित्तनक्कारर’ म्हणतात. कुडित्तनम म्हणजे संसार. जो संसार मांडतो तो भाडेकरू. मराठीतलं बिऱ्हाडही असंच : कुटुंब, त्याचं सामानसुमान आणि ते राहतं ती परक्याची जागा, सगळं एकाच शब्दात. (विंचवाला तेवढी सूट आहे.) भाषांतरात असे जुळे शब्द सापडले की एरवी आनंद होतो. इथे मात्र दोन भाषांनी मिळून एकट्या माणसाला दाराबाहेर उभं केल्यासारखं वाटतं.

ह्याच प्रश्नावर एक गोष्ट भारतभर फिरली. १९५५ सालचा बंगाली ‘जयमाकाली बोर्डिंग’, त्यावरून १९६६ मध्ये हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’, संगीत हेमंतकुमारांचं. १९८८ मध्ये सचिन पिळगावकरांनी ती पुण्यात आणली आणि वसंत सबनीसांच्या संवादांनी ‘अशी ही बनवाबनवी’ इतका मराठी झाला, की तो मुळात कोलकात्याचा हे सांगितलं तर लोक रागावतात. तिथून तो तेलुगूत गेला, ‘चित्रम् भळारे विचित्रम्’ (१९९२), आणि तेलुगूवरून मद्रासला : त्यागराजन ह्यांचा ‘आणळगन’ (१९९५), नायक त्यांचा मुलगा प्रशांत, संगीत इळैयराजांचं. चाळीस वर्षांत भाषा बदलल्या, गाणी बदलली, विनोदांचे संदर्भ बदलले. अट तेवढी बदलली नाही. जागा जोडप्यांनाच मिळणार, म्हणून मित्रांपैकी कुणाला तरी साडी नेसावी लागते. भाषांतरकाराला ह्या अटीला कुठेच तळटीप द्यावी लागली नाही, हा ह्या प्रवासातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग.

आपण हसतो ते नयनताराबाईंच्या लीलाबाई काळभोर फसतात म्हणून. पण शेवट पाहा : सोंगं उतरतात आणि जोड्या जुळतात. म्हणजे नियम हरत नाही. चौघे उशिरा का होईना, तो पाळतात.

घर ह्या विषयावरच्या विनोदपटाने दुसरीकडे वेगळंच काम केलं. १९४८ चा हॉलिवूडचा ‘मिस्टर ब्लँडिंग्ज बिल्ड्स हिज ड्रीम हाउस’ (गाण्यांचा नव्हे, पण विनोदीच) प्रदर्शित झाला, तेव्हा प्रसिद्धीसाठी अमेरिकेतल्या शहरांतून त्या घराच्या ७०हून अधिक प्रतिकृती बांधल्या गेल्या. पडद्यावर इस्टेट एजंट कॅरी ग्रँटला मोडकं घर चढ्या भावात गळ्यात मारतो. आणि तरी चित्रपट घराचं स्वप्नच विकत होता. आपल्याकडे हे काम चित्रपटाने केलं नाही. ते तमिळ वाहिन्यांवरच्या प्लॉटच्या जाहिरातींनी केलं. मालिकांतले ओळखीचे चेहरे मोकळ्या माळावर उभे राहून बस स्टँड किती मिनिटांवर आहे ते सांगतात. माळ मात्र बहुतेक वेळा रिकामाच दिसतो.

‘बनवाबनवी’त सचिन साडी नेसून ‘सुधा’ होतो. त्याच १९८८ साली मद्रासमध्ये दुसरी सुधा पडद्यावर आली : बालू महेंद्र ह्यांच्या ‘वीडु’ची नायिका. वीडु म्हणजे घर. नोकरी करणारी ही मुलगी आजोबा आणि धाकट्या बहिणीबरोबर भाड्याने राहते. मालकाला अपार्टमेंट उठवायचं असतं, म्हणून जागा सोडावी लागते आणि ती कर्ज काढून स्वतःचं घर बांधायला घेते. कंत्राटदार सिमेंट चोरतो. ते उघडं करते ती बांधकामावरची मजूर बाई. घर उभं राहत असताना आजोबा जातात. आणि मग कळतं, की ती जागा पाणीपुरवठा खात्याने संपादन केली आहे. अर्चनाला ह्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटात एकही गाणं नाही. तमिळ चित्रपटसृष्टीत हे किती धाडसाचं, ते तमिळ प्रेक्षकच सांगू शकेल. पुण्याच्या सुधेला घर मिळवायला साडी पुरली. मद्रासच्या सुधेपाशी संसार होता, पगार होता, कागदपत्रं होती.

चेळियन ह्यांच्या ‘टू लेट’मध्येही गाणी नाहीत, पार्श्वसंगीतसुद्धा नाही. काळ २००७ चा, आयटीच्या पगारांनी चेन्नईची भाडी भडकल्यानंतरचा. नवरा, बायको, लहान मुलगा : ‘फॅमिली’ची अट पूर्ण. पण नवरा सिनेमात धडपडणारा, आणि सिनेमावाल्याला जागा द्यायला मालक नाखूष. मग ब्रोकर, जिने, पाहिलेल्या खोल्या, आणि लग्न झालेलं असूनही सांगावं लागणारं खोटं. हा चित्रपट फेब्रुवारी २०१९ मध्ये चित्रपटगृहांत लागला. त्याच महिन्यात तमिळनाडूचा भाडेकरूंविषयीचा २०१७ चा कायदा लागू झाला. चेन्नईत डिपॉझिटला ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात आणि तो दहा महिन्यांच्या भाड्याइतका घेण्याची रीत होती. कायद्याने तो तीन महिन्यांवर आणला, दोघांत वेगळा करार नसेल तर. आणि करार मालकच टाइप करून आणतो.